टाइप 77: ओझरच्या मिगचं मॉडेल करताना

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडमध्ये हवाई दलाने मिग-21 ला निरोप दिला आणि आमच्या प्लॅस्टिक मॉडेलच्या छंदातल्या जवळजवळ प्रत्येकाला एकदम मिगच करावंसं वाटू लागलं. माझ्या डोक्यात ते आधीपासून होतं. आम्ही नाशिकचे. नाशिकमध्ये ‘ओझर मिग’ म्हटलं की गाव आणि कारखाना दोन्ही आलं. 1964 मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा हा कारखाना उभा राहिला तोच मुळी मिग-21 चा एफएल हा प्रकार परवान्यावर बांधण्यासाठी. त्याचं इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि सांगाडा आमच्याकडे. आमचे एक काका तिथे शीटमेटलला होते. ते नोकरीला लागले तेव्हा एफएलचं काम संपत आलं होतं, पण दुरुस्तीसाठी परत आलेली एफएल त्यांनी पुढे बरीच वर्षं हाताळली.

तर 1:48 मापात मिग-21 करायचं, एवढं ठरलं. पण एवढ्याने काहीच ठरत नाही. भारतीय मिग-21 म्हणजे निदान अर्धा डझन वेगवेगळी विमानं. हवाई दलाने त्यांना दिलेल्या क्रमांकांत क्रम शोधायला जाऊ नये: आधी टाइप 74 आलं, मग 76, 77, 88, 96 आणि सगळ्यात शेवटचं ‘बिस’ हे टाइप 75! मला हवं होतं टाइप 77, म्हणजे एफएल. आणि तेही कुठलंतरी एफएल नाही, तर डिसेंबर 1971 मधलं.

माझं मत सांगतो, पटलं तर बघा. किटचा डबा विकत घेण्याआधी विमान निवडावं. अमुक स्क्वाड्रनचं, अमुक महिन्यातलं, अमुक शस्त्रं लावलेलं. हे ठरलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. ते न ठरवता काम सुरू केलं की विमान छान दिसतं, पण ते कुणाचंच नसतं.

माझी निवड 28 स्क्वाड्रनची. 1963 मध्ये भारतात मिग-21 पहिल्यांदा मिळालं ते याच स्क्वाड्रनला. 14 डिसेंबर 1971 ला विंग कमांडर बी. के. बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली त्यांच्या मिगनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेट डागली, त्याच दिवशी गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा दिला आणि दोन दिवसांनी शरणागती झाली. म्हणजे माझ्या विमानाखाली रॉकेटचे पॉड, म्हणजे नळ्यांचे जुडगे, हवेत. के-13 क्षेपणास्त्रं नकोत. एफएलच्या पंखांखाली जागा दोनच, त्यामुळे एक तर हे नाहीतर ते. डब्यातून सुटी क्षेपणास्त्रं निघतात म्हणून दोन पॉड आणि दोन क्षेपणास्त्रं अशी चारही टांगलेली मॉडेल्स मी पाहिली आहेत. काकांना असा एक फोटो दाखवला तर ते नुसतं हसले.

डबा मागवला एका चेक कंपनीचा, परदेशातल्या दुकानातून. इथे थोडं अडकलं. 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 मध्ये 70 वर. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा. प्लॅस्टिकची मॉडेल्स शुल्काच्या यादीत खेळण्यांच्याच रांगेत बसतात. कुरिअरवाल्यांचा फोन आला, ‘टॉय आहे, सर्टिफिकेट पाठवा.’ गुणवत्तेचा तो आदेश 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तूंसाठी आहे. डब्यावर ‘14+’ छापलेलं होतं. त्या बाजूचा फोटो, बिल आणि चार ओळींचं पत्र पाठवलं, दोन-तीनदा पाठपुरावा केला, शुल्क भरलं आणि डबा घरी आला. रंग मात्र बाहेरून मागवायच्या भानगडीत पडू नये. ज्वलनशील म्हणून ते विमानाने येतच नाहीत. मी गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून ड्युकोचे छोटे डबे आणि एनसी थिनर आणतो. वास घरभर होतो, पण रंग पातळ बसतो आणि पटकन वाळतो.

एफएल हे मिग-21 च्याच पीएफ आणि पीएफएम या दोन प्रकारांच्या मधलं विमान आहे. शेपटी पीएफएमसारखी रुंद, तिच्या मुळाशी ब्रेक पॅराशूटची नळकांडी. कॉकपिटची काच मात्र पीएफची: एकसंध आणि पुढच्या बाजूला उघडणारी. पीएफएमची काच दोन तुकड्यांत असते, पुढचा तुकडा पक्का आणि मागचा उजवीकडे उघडतो. हा फरक दिसायला किरकोळ, पण त्यामागे मोठी गोष्ट आहे. जुन्या मिगमध्ये वैमानिक इजेक्ट झाला की काच खुर्चीला अडकूनच बाहेर पडायची आणि त्याच्यापुढे ढालीसारखी राहायची, म्हणजे सुपरसॉनिक वेगातल्या वाऱ्याचा मारा थेट अंगावर येऊ नये. कल्पना हुशार होती, पण जमिनीलगत उपयोगाची नव्हती, म्हणून पीएफएममध्ये खुर्चीही बदलली आणि काचही. तर टाइप 77 करणाऱ्याने सगळ्यात आधी काच आणि खुर्ची यांची जोडी बघावी. माझ्याकडे दोन्ही प्रकारची काच होती, पण जुन्या पद्धतीची खुर्ची रेझिनची वेगळी घ्यावी लागली.

कॉकपिटचा रंग सोव्हिएत विमानांतला तो ओळखीचा निळसर हिरवा. वैमानिकाला लांबच्या उड्डाणात शांत वाटावं म्हणून तो निवडला, असं सगळे सांगतात. मला तो अजूनही सरकारी दवाखान्याच्या भिंतीसारखा वाटतो. डॅशबोर्डच्या मधोमध वरून खाली एक पांढरी पट्टी येते, ती विसरू नका. विमान स्पिनमध्ये गेलं, गरगरायला लागलं की वैमानिकाने दांडी त्या पट्टीच्या रेषेत आणायची, म्हणजे ती नेमकी मध्ये आली याची खात्री. एक-अठ्ठेचाळीसमध्ये ही पट्टी केसाएवढी. हाताने रंगवायच्या नादी न लागता पांढऱ्या डिकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चिन्हांच्या) कागदाची चीर कापून लावली.

नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर मॉडेल शेपटीवर बसतं. हवा आत घेणाऱ्या तोंडातला शंकू पोकळ असतो, त्यात गळाला लावायचं शिसं ठोकून सपाट करून भरलं आणि वर इपॉक्सी ओतलं. खऱ्या विमानात तिथे आर-2एल रडार बसायचं. त्यासाठीच तो शंकू धातूचा नसतो, रडारच्या लहरी आरपार जाव्यात म्हणून. शेपटीचं टोकही असंच, अँटेनासाठी. ही दोन्ही मी हिरवी ठेवली. चाकांच्या तबकड्याही हिरव्या, चांगल्या भडक. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो रंग चुकलाय असं वाटतं.

सांधे जुळवणं, एनसी पुट्टी, वॉटर पेपर, पुन्हा पुट्टी यावर फार लिहीत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. एक गोष्ट मात्र काकांनी दाखवली म्हणून सांगतो. प्रायमर मारलेलं विमान त्यांनी हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पंखांच्या मागच्या कडेजवळ नख टेकवलं.

‘ही रेघ बाकीच्यांसारखीच कशी रे?’

‘म्हणजे?’

‘अरे, इथून शेपूट निघतं. इंजिन काढायचं तर मागचा अख्खा भाग बोल्ट सोडून ट्रॉलीवर मागे ओढायचा. हा जोड आहे. बाकी सगळे नुसते पत्रे.’

मिग-21 चा मागचा धडाचा भाग खरोखरच इंजिन बदलण्यासाठी सुटा होतो. मॉडेलवर मात्र सगळ्या रेषा सारख्याच कोरलेल्या असतात. मी स्क्राइबर, म्हणजे रेघा कोरायची सुई, घेऊन ती एकच रेघ पुन्हा खोल केली, गोलाकार टेप लावून, हलक्या हाताने बरेचदा. आता लांबून बघितलं तरी विमान दोन भागांचं दिसतं. एवढ्याशा कामाने जो फरक पडला तो महागड्या धातूच्या जाळीदार भागांनीही पडला नसता.

त्या जोडाच्या मागचे पत्रे इंजिनच्या उष्णतेने वेगळे दिसतात. चंदेरी हा एक रंग नाहीच. आधी सगळ्या विमानाला चकचकीत काळा, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर, मग पत्र्यागणिक मास्किंग टेप लावून कुठे किंचित राखाडी तर कुठे किंचित तांबूस. पावसाळ्यात हे काम करू नये. हवेतला दमटपणा थिनरच्या रंगात उतरतो आणि वर पांढुरकी साय येते. मी दसरा उलटेपर्यंत थांबलो.

आता खरा किचकट भाग. 1971 पर्यंत आपली एफएल मूळ धातूच्याच अंगाने उडत होती. युद्ध तोंडावर आलं तेव्हा स्क्वाड्रनच्या पातळीवरच, घाईघाईत, हाताशी असलेल्या रंगांनी त्यांना कॅमोफ्लाज चढवलं गेलं. त्याला ठरलेला नमुना नव्हता. एका तळावरचं विमान दुसऱ्या तळावरच्यासारखं नाही. आणि तरीही काही डिकल कंपन्यांच्या कागदावर या विमानांसाठी रंगांचे चार-पाच आकडी क्रमांक छापलेले असतात. मला हा प्रकार पटत नाही. जो रंग एखाद्या स्टोअरमधून आला आणि जमेल तसा मिसळला, त्याला क्रमांक कुठून येणार?

मग करायचं काय? फोटो. त्यातले बहुतेक कृष्णधवल. पण प्रत्येक फोटोत एक मोजपट्टी असते: हवाई दलाचं गोल चिन्ह. त्यात बाहेर केशरी, मग पांढरा, आत हिरवा, आणि हे तिन्ही रंग आपल्याला ठाऊक आहेत. फोटोत कॅमोफ्लाजचा गडद पट्टा चिन्हातल्या हिरव्यापेक्षा काळपट आहे की फिका, केशरीच्या जवळ जातो की नाही, एवढं नक्की कळतं. मी वेगवेगळ्या मिश्रणांचे ठिपके एका पुठ्ठ्यावर काढले, शेजारी त्याच मापाचं चिन्ह चिकटवलं, मोबाइलवर कृष्णधवल फोटो घेतला आणि मूळ फोटोशी ताडून पाहिला. गडद हिरव्याचं एक मिश्रण आणि मातकट तपकिरीचं एक, अशी जोडी जुळली. फिल्मनुसार छटा बदलतात हे मान्य. पण अंदाज बांधायचाच असेल तर तो आपण कसा बांधला हे सांगता यावं.

संग्रहालयातली विमानं या कामाला चालत नाहीत. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात मिग-21 आहे आणि चौकाचौकांत उभी केलेलीही पुष्कळ आहेत, पण त्यांच्यावर नंतर रंगांचे हात फिरलेले असतात. त्यांच्याकडून झाकणं, रिव्हेट, चाकांच्या दांड्या, हवेचा वेग मोजणाऱ्या पिटो नळीची जागा शिकावी. एफएलमध्ये ती नळी नाकाच्या वर असते, टाइप 74 मध्ये खाली.

कॅमोफ्लाज एअरब्रशने न मारता मी मुद्दाम कुंचल्याने चढवलं, चांगलं पातळ करून. कडा थोड्या वेड्यावाकड्या, कुठे कुंचल्याचे फटकारे दिसतात. पूर्ण वाळण्याआधी टूथपिकने पंखांच्या मुळाशी, शिडी लागते त्या जागी आणि झाकणांच्या कडांना रंग खरवडला की खालचा धातू डोकावतो. खालचा चंदेरी थर इतका जपून मारला होता तो यासाठीच. माझ्या ओळखीतल्या एकाने विचारलं, एवढं सुंदर चंदेरी झाकून का टाकलंस? त्या वेळी ग्राउंड क्रूलाही बहुधा हेच वाटलं असेल.

डिकलसाठी आधी ग्लॉस वार्निश, मग कोमट पाणी, मग मऊ करणारं द्रावण. रुंद चिन्हांखाली हवा राहिली की चंदेरी डाग दिसतो. सुईने टोचून पुन्हा द्रावण लावलं की बसतो. विमानाचा ‘सी’ने सुरू होणारा क्रमांक फोटोवरून घेतला आणि सुटे आकडे जोडून तयार केला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला रॉकेटच्या पॉडने. एका पॉडमध्ये सोळा नळ्या, आणि 57 मिलिमीटरचं रॉकेट या मापात जेमतेम सव्वा मिलिमीटर. किटमधल्या पॉडवर नुसते खळगे होते. हाताच्या ड्रिलने एकेक भोक पाडायचं, टोक घसरलं की दोन भोकं एकत्र होतात. आधी प्रत्येक खळग्यात सुईने खूण करून घेतली की ड्रिल पळत नाही. दोन पॉड मिळून बत्तीस. आत काळा रंग, आणि थोड्या नळ्यांत पितळी तारेचे तुकडे.

पूर्ण झालेलं विमान पंखापासून पंखापर्यंत पंधरा सेंटिमीटरही नाही. खऱ्याचा विस्तारच मुळी 7.15 मीटर. पिटो नळी मी पितळी ट्यूबची केली आणि ती चिकटवलेली नाही, नुसती खोचली आहे. प्रवासात सगळ्यात आधी तीच मोडते. काकांनी मॉडेल बघून जोडाच्या रेषेवर नख फिरवलं, ‘आता निघेल’ म्हणाले आणि लगेच विचारलं, बिस कधी करतोस? तेही करू. पण के-13 उरली आहेत आणि थोडा ॲल्युमिनियमचा रंगही, त्यामुळे त्याआधी युद्धापूर्वीचं, न रंगवलेलं एक टाइप 77 होईल असं दिसतंय.