मुका रेडिओ

रत्नागिरीजवळ पावस गावी आमच्या घरी एक रेडिओ होता आणि त्यावर एकही स्टेशन लागत नसे.

काका बोटीवर होता. १९६५ साली न्यूयॉर्कला बोट लागली तेव्हा त्याने फिशर या अमेरिकन कंपनीचा ५००-सी रेडिओ घेतला. व्हॉल्व्हचा, म्हणजे तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारा स्टिरिओ रिसीव्हर, लाकडी कॅबिनेट, समोर पितळी झळाळीची पट्टी. गावात सगळे मिडियम वेव्ह नाहीतर शॉर्टवेव्हवर विविध भारती आणि सिलोन ऐकणारे. हा पठ्ठ्या फक्त एफएमचा. आणि भारतात पहिलं एफएम सुरू झालं १९७७ साली, तेही मद्रासला. लोक बघायला आले, चहा पिऊन गेले. आजोबांनी त्याचं नावच ‘मुका’ ठेवलं.

काका मात्र संध्याकाळी तो लावायचा. आत व्हॉल्व्ह नारिंगी होत आणि स्पीकरमधून नुसता स्स्स असा आवाज. ‘ऐका, गाज!’ म्हणायचा. त्यासाठी पडवीत उभं राहिलं असतं तरी पुरलं असतं, असं काकूचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं.

गेल्या मे महिन्यात मी तो माळ्यावरून उतरवला. कॅबिनेटचा मागचा कोपरा वाळवीने खाल्लेला, आत पालीच्या अंड्यांची टरफलं, चासीवर, म्हणजे आतल्या लोखंडी सांगाड्यावर, खाऱ्या हवेने आलेले गंजाचे वांग. असा सेट हाती आला की पहिला मोह प्लग लावून बघायचा. तो ज्याला आवरला त्याचा अर्धा रेडिओ दुरुस्त झाला. इतकी वर्षं पडून फिल्टर कपॅसिटर, म्हणजे आत वीज साठवून सपाट करणारे डबे, सुकलेले असतात. शिवाय आपले २३० व्होल्ट आणि याला हवेत ११७. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर विसरलात तर थेट धूर.

खरा चोर मात्र वेगळाच असतो. चासीला एक चपटा सेलेनियम रेक्टिफायर असतो, एसी विजेची डीसी करणारा. आउटपुटच्या चार व्हॉल्व्हना आवरून धरणारा निगेटिव्ह व्होल्टेज त्याच्याकडून येतो. तो म्हणजे कासरा. म्हातारपणी सैल पडला की बैल उधळतात: व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतात, आतली प्लेट लाल होते आणि शेवटी ट्रान्सफॉर्मरवर येतं. मी त्या जागी सिलिकॉनचा नवा रेक्टिफायर घातला. पण तो जुन्यापेक्षा जास्त व्होल्टेज देतो, म्हणून सोबत एक रेझिस्टर टाकून, मीटर लावून त्याला जागेवर आणलं.

जुने मेकॅनिक सांगायचे, आत हात घालताना दुसरा खिशात ठेवावा, म्हणजे झटका छातीतून जात नाही. मी लुंगीवर. खिसा कुठला? हात पाठीमागे धरून, शाळेत शिक्षा झाल्यासारखा उभा राहून काम केलं. एकदा विसरलो. प्लग काढलेला होता, पण कपॅसिटर चारशेच्या आसपास व्होल्ट धरून बसला होता. कोपरापर्यंत झिणझिण्या आणि तोंडून जे निघालं ते ऐकून काकू स्वयंपाकघरातून बाहेर.

मग सिरीजमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून पहिल्यांदा करंट दिला. बल्ब भक्कन पेटला. मी श्वास धरून. हळूहळू मंदावला. म्हणजे आत शॉर्ट नाही. व्हॉल्व्हच्या तळाशी एकेक ठिणगी जागी झाली आणि जळक्या धुळीचा वास सुटला.

अँटेना म्हणून जुन्या टीव्हीची चपटी वायर बांबूला बांधून पोफळीवर चढवली. काटा सरकवत गेलो. स्स्स. स्स्स. आणि एकदम रत्नागिरी आकाशवाणी: मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. आवाज जरा गोधडीतून आल्यासारखा, कारण अमेरिकेत एफएमचा चढा सूर आपल्यापेक्षा जास्त दाबतात. त्या दाबण्याचं माप तिकडे ७५ मायक्रोसेकंद, इकडे ५०. तिथले कपॅसिटर बदलले की मोकळा होईल. मी नाही बदलले. स्टिरिओ आला की पेटणारा तो छोटा दिवाही पेटला नाही. पोफळीवरच्या वायरला तेवढा सिग्नल झेपत नसावा.

काकू अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘एवढ्यासाठी अमेरिकेतून वाहून आणलान् हो! हे तर मोबाईलवर पण लागतं.’

थोड्या वेळाने हात पुसत आत आली, डायलकडे बघून म्हणाली, ‘बातम्या किती वाजता?’