तुम्ही विचारलंत म्हणून: हे आपल्या संस्कृतीत बसतं का?

मी शाळांमध्ये लैंगिक शिक्षणाचे तास घेते. त्याआधी पालकसभा होते आणि तिथे हा प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, हे आपल्या संस्कृतीत बसतं का?" विचारणाऱ्याच्या आवाजात पोराबाळांची काळजी असते, म्हणून मी घाईने उत्तर देत नाही.

गाथासप्तशतीपासून सुरुवात करते. सातवाहन राजा हाल याच्या नावावरचा, महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे ७०० गाथांचा हा संग्रह. ही भाषा म्हणजे मराठीची पणजीच म्हणा ना. त्यातली गोदाकाठची बाई जिवाची, देहाची ओढ सखीला मोकळेपणी सांगते.

पुढे पेशवाईत लावणी बहरली. तिच्यातही बाईच बोलते, पण शब्द बहुतेक शाहिरांचे, म्हणजे पुरुषांचे. नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाया ठरावीक जातींतल्या आणि समोर बसलेले पुरुष. त्यातल्या एखाद्याच्या बायकोने रात्री घरी तेच बोलून दाखवलं असतं तर? इथे आले की माझा आवाज चढतो. इच्छा दोघींनाही होती. एकीला ती चारचौघांत गायला लावली आणि तिला हलकी ठरवली. दुसरीला गप्प बसवलं आणि त्या गप्प बसण्याला घरंदाजपणा म्हटलं. आपल्या आज्या-पणज्या त्या गप्प बसण्यात जगल्या.

इंग्रजांच्या राज्यात तर बोलण्यावर कायद्याचीच नजर आली. संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं देत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरले, पण १९५३ साली कर्वे गेले तोवर मासिक निघत राहिलं. शंका विचारणारेही मराठीच होते की!

एवढं सांगून झालं की मी पालकांनाच कोऱ्या चिठ्ठ्या वाटते. नाव घालू नका, काय विचारायचं ते विचारा. सुरुवातीला कुणी पेन उचलत नाही. मग एकेक जण हाताचा आडोसा करून लिहायला लागतो.

गेल्या खेपेला एका चिठ्ठीत होतं, "बायकोने आपणहून जवळ येणं बरोबर आहे का? चांगल्या घरातली आहे." मी ती मोठ्याने वाचली. "हो, बरोबर आहे," म्हणाले. मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं.