प्लिंथ झाल्यावर आलेला फोन

"मॅडम, प्लिंथ झालंय. आता तेवढं ग्रीनचं बघून टाका."

नाशिकच्या एका बिल्डरचा हा फोन. प्लिंथ म्हणजे इमारतीचं जोतं. हरित इमारतींची सल्लागार म्हणून स्वतःच्या नावावर घेतलेलं माझं पहिलं काम असं सुरू झालं. त्याआधी सहा वर्षं मी पुण्यातल्या एका ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रकल्पांचे तक्ते भरत होते. आपल्याला सगळे उशिरा का बोलावतात, हा प्रश्न तिथे रोज पडायचा. उत्तर साधं आहे. आमचा धंदाच वरातीमागून घोड्याचा. आधी आर्किटेक्ट येतो, मग आरसीसीवाला, मग प्लंबिंगवाला, मग ब्रोशर छापणारा. सगळ्यांचं झालं की आम्ही.

इमारत सात मजल्यांची, बांधकाम साधारण ४,८०० चौरस मीटर. इमारत किती पर्यावरणपूरक आहे हे ठरवणारं 'गृह' मानांकन घ्यायचं ठरलं होतं. हे मानांकन टेरी ही ऊर्जा-पर्यावरणावर काम करणारी संशोधन संस्था आणि केंद्राचं नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून बनवलं आणि २००७ साली सरकारने ते राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारलं. २,५०० चौरस मीटरच्या वरच्या इमारतींसाठी ते आहे. शंभर गुणांचा हिशोब असतो. २५ च्या पुढे एक तारा, ५६ ते ७० मध्ये तीन, ८६ च्या पुढे पाच. बिल्डरला तीन तारे हवे होते, कारण राज्याच्या नव्या नियमावलीत तीन ताऱ्यांना ३ टक्के, चारला ५ आणि पाचला ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे त्याच भूखंडावर तेवढं जास्त बांधकाम मिळतं. पर्यावरणावरचं प्रेम तेवढंच. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ते ३ टक्के नसते तर मला फोनच आला नसता.

पहिल्या दिवशी साइटवर गेले आणि विचारलं, "वरची माती कुठे ठेवलीय?" खोदाईआधी वरचा वीतभर सुपीक थर वेगळा काढून, झाकून ठेवायचा आणि शेवटी बागेत वापरायचा, अशी अपेक्षा असते. सुपरवायझर म्हणाला, "ती तर डंपरवाल्याने नेली, मखमलाबादला कुणाच्या तरी द्राक्षबागेत." ते गुण तिथेच गेले. द्राक्षं मात्र चांगली आली असणार.

खरी लढाई खिडक्यांची होती, आणि त्यात माझे दोन महिने गेले.

केंद्राची इको निवास संहिता २०१८ साली आली. घरांच्या बाहेरच्या भिंती आणि खिडक्यांमधून आत किती उष्णता शिरते, त्याचा एक आकडा ती मागते. त्याला आरईटीव्ही म्हणतात. तो चौरस मीटरला १५ वॉटच्या वर जाता कामा नये. सूत्र दिसायला किचकट आहे, पण त्यातली एक गोष्ट कळली की पुष्कळ कळतं. भिंतीपुढचा गुणक एक आकडी आहे आणि काचेतून थेट येणाऱ्या उन्हापुढचा साठाच्या वर. त्यात पुन्हा दिशेचा गुणक असतो. आपल्या अक्षांशावर पश्चिमेचा गुणक उत्तरेच्या जवळपास पावणेदोनपट येतो. भिंत कितीही भारी बांधा, पश्चिमेला मोठी उघडी काच ठेवली की मेहनत पाण्यात.

आमच्या इमारतीची लांब बाजू नेमकी पश्चिमेला. पलीकडे अंजनेरीच्या बाजूचे डोंगर, ब्रोशरवर मावळत्या सूर्याचा फोटो आणि प्रत्येक बेडरूमला आठ फुटी स्लायडिंग खिडकी. मी पहिला हिशोब केला तेव्हा आकडा आला १९.६.

कॉलम हलणार नव्हते. इमारत फिरवता येणार नव्हती. मी जोत्याच्या आधी आले असते तर बेडरूम उत्तरेला आणि जिना-लिफ्ट-टॉयलेट पश्चिमेला, एवढ्या एका अदलाबदलीत अर्धं काम झालं असतं, तेही फुकटात. आता जे काही करायचं ते पैसे टाकूनच.

"मग छज्जा वाढवू की," बिल्डर म्हणाले. सगळे हेच म्हणतात. दक्षिणेला छज्जा उत्तम काम करतो, कारण तिथे ऊन डोक्यावरून येतं. पश्चिमेचं ऊन समोरून येतं. कागदावर कोन काढून दाखवले, पण पटेना. शेवटी एप्रिलमध्ये एका दुपारी साडेचारला त्यांना साइटवर उभं केलं. सेंटरिंगच्या दोन पोरांना दोन फुटी प्लाय खिडकीच्या उंचीवर छज्ज्यासारखा आडवा धरायला लावला. सावली पडली जेमतेम वरच्या फूटभर भागावर. खाली साहेब उन्हातच, रुमालाने मान पुसत. दोन मिनिटांनी म्हणाले, "बरं, मग काय करायचं ते सांगा."

आरसीसी कन्सल्टंटला गाठून बाल्कन्या थोड्या खोल केल्या. स्लॅब अजून टाकायचे होते म्हणून ते जमलं. दिवाणखान्याची काच बाल्कनीच्या मागे सावलीत गेली. बेडरूमच्या खिडक्या आठ फुटांवरून पाचवर आणल्या आणि त्यांना बाहेरून सरकणारी, आडव्या पट्ट्यांची ॲल्युमिनियमची दारं लावली. जुन्या वाड्यांत झिलमिली असायची तशीच. सेल्सच्या मुलाचा चेहरा पडला. मग त्याने काळी काच सुचवली. पण काचेतून उजेड किती यावा याचीही संहितेत किमान मर्यादा आहे. भर दुपारी ट्यूब लावून बसायचं आणि वीज वाचवली म्हणायचं, हे चालत नाही. स्लायडिंगचाही वाद झाला. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी कितीही मोठी असली तरी अर्धीच उघडते, बिजागरीची जवळजवळ पूर्ण उघडते. रुंदी कमी केली तरी वारा तितकाच राहिला, हे शेवटी त्यालाच गिऱ्हाइकांना सांगायला आवडू लागलं.

भिंतींना २०० मिलिमीटरचे एएसी ब्लॉक, म्हणजे हवेची छिद्रं असलेले हलके काँक्रीटचे ठोकळे घेतले. नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा ते निम्म्याहून कमी उष्णता आत सोडतात. शिवाय ते औष्णिक वीज केंद्रांच्या राखेपासून बनतात, आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या राखेबद्दल नाशिककरांना वेगळं सांगायला नको. शेवटचा आकडा १४.३.

गच्चीची गोष्ट वेगळी. मी परावर्तक रंगाची कोटेशनं घेऊन गेले होते. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, रंग दोन पावसाळ्यांत जाईल. चायना मोझॅक करा की." पांढऱ्या टाइल्सचे तुकडे, उतार देऊन. मला एकदम कॉलेजची सहल आठवली. अहमदाबादला वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींच्या 'संगाथ' या स्टुडिओच्या अर्धगोल छपरांवर हेच पांढरे तुकडे उन्हात चमकत होते, आणि आत, जमिनीच्या थोडं खाली, चक्क गारवा. दोशी काय किंवा केरळात जाळीच्या विटांच्या भिंती बांधणारे लॉरी बेकर काय, या मंडळींनी ते काम गुणपत्रक न भरता केलं. आमच्या पिढीला मात्र कागद लागतो. परीक्षकांनी विचारलं, "या गच्चीचा एसआरआयचा चाचणी अहवाल?" एसआरआय म्हणजे पृष्ठभाग ऊन किती परतवतो आणि किती कमी तापतो, त्याचा आकडा. टाइल्सवाला हसला. "तुकड्यांचा रिपोर्ट कोण देतं ताई?" नमुना बनवून प्रयोगशाळेत पाठवला, त्यात तीन आठवडे गेले. गच्ची चार दिवसांत झाली होती.

कागदांचं सांगायचं तर या सगळ्या प्रक्रियेत सगळ्यात महत्त्वाचा माणूस स्टोअरकीपर असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. काँक्रीटच्या प्रत्येक गाडीचं चलन, त्यात राख किती, स्टीलच्या वजनकाट्याच्या पावत्या, टँकरची नोंदवही, रंगाच्या डब्यावरचं लेबल, सगळं जपावं लागतं. आमच्याकडे पावत्या तारेला टोचून ठेवलेल्या. जुलैत पत्र्याची शेड गळली आणि तीन महिन्यांची चलनं लगद्यासारखी झाली. त्यानंतर आमच्या स्टोअरकीपरने, त्या येवल्याच्या पोराने, स्वतःहून ठरवलं, गाडी आली की आधी चलनाचा फोटो, मग सही. पुढे मला एकदाही त्याच्याकडे काही मागावं लागलं नाही.

पाहणीला दोन तज्ज्ञ आले. मी त्यांना तीन मीटर उंच पत्र्यांचं कुंपण, चाकं धुण्याची जागा, क्युरिंगला गुंडाळलेली ओली बारदानं दाखवत होते. त्यातल्या बाई मात्र सरळ एका मजूर बाईजवळ गेल्या आणि विचारलं, "मुलं कुठे असतात तुमची?" मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर आम्ही नकाशात दाखवलं होतं, खोलीही होती, भिंतीवर फुलपाखरू रंगवलेलं होतं. ती बाई म्हणाली, "आज तिथं हायेत. रोज इथंच असत्यात, वाळूवर." मला मान वर करवेना. त्या खोलीत सिमेंटची पोती ठेवतात हे मला माहीत होतं, आणि मी फोटो पोती हलवून काढले होते. दुसऱ्या दिवसापासून मजुरांपैकीच एका बाईला रोजावर त्या मुलांकडे ठेवलं. तिचा पगार बिल्डरने कुरकुरत दिला, पण शेवटपर्यंत दिला.

मी ६३ गुण मागितले होते. प्राथमिक तपासणीत ५२ आले. म्हणजे दोन तारे, म्हणजे जादा एफएसआय गेला आणि वर दंड. त्या रात्री झोप लागली नाही. परीक्षकांच्या शंका-पत्रातले मुद्दे मात्र बहुतेक कागदांचेच होते. कुठे नळाच्या प्रवाहाची चाचणी नाही, कुठे झाडांच्या यादीत स्थानिक नाव आहे पण शास्त्रीय नाही. बिब्बा, करंज, बहावा यांची लॅटिन नावं लिहीत बसले. अंतिम निकाल ५८.

बिल्डरने पेढे पाठवले. लॉबीत पितळी पाटी लागली. मानांकन पाच वर्षांसाठी असतं, मग नूतनीकरण.

दीड वर्षाने सोसायटीच्या सचिवांचा फोन आला. सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरायची आमची यंत्रणा त्यांनी बंद केली होती. पाण्याला पिवळट रंग येतो, ऑपरेटर परवडत नाही, पाण्यात हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल जास्त. "तशी पाटी लागलेलीच आहे, आता कुणी बघायला येत नाही ना?" त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं. मी रविवारच्या मीटिंगला गेले. ब्लोअर चोवीस तास चालू होता, टायमर कुणी लावलाच नव्हता. ऑपरेटरला गाळणीतलं माध्यम कधी धुवायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम कुणाचं होतं? माझ्या करारात ते नव्हतं, बिल्डरच्याही नाही. सातव्या मजल्यावरच्या आजी मध्येच म्हणाल्या, "ते राहू दे गं, पण बेडरूमच्या त्या पट्ट्यांच्या दारांना तेल कोणतं घालायचं? संध्याकाळी ओढताना कुरकुरतात."

टायमर पुढच्या रविवारी लावतोय. त्या दारांसाठी तेलही घेऊन जाणार आहे.