जास्त गणिते नकोत, अवघड गणित हवे

माझा मुलगा दुसरीत आहे. जुलैमध्ये त्याच्या वहीत हातच्याच्या बेरजांचे एक पान माझ्या पाहण्यात आले. पहिली चार उत्तरे बरोबर होती, पाचवे अर्धवट होते आणि उरलेल्या जागेत पतंग काढलेले होते. त्यांच्या शेपट्यांवर २, ४, ८, १६ असे करत दहाव्या पतंगावर १०२४ लिहिले होते. खाली लाल शाईत शेरा होता, ‘लक्ष नाही’.

पालकभेटीत मी आधी चूक केली. त्याला थेट तिसरीत बसवावे, असे मी सुचवले आणि मुख्याध्यापिकांनी ‘वयानुरूप वर्ग’ म्हणून विषय संपवला. वास्तविक २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील ती तरतूद शाळाबाह्य मुलांसाठी आहे. पण तो वाद जिंकून काहीच साधले नसते, कारण ज्याची जोडाक्षरे अजून अडखळतात त्याला मराठीसाठी तिसरीत बसवणे हा अन्यायच झाला असता.

खरी अडचण त्याच्या वर्गाच्या बाईंच्या एका वाक्यात होती. “त्याचं लवकर झालं की मी त्याला आणखी दहा गणितं देते,” असे त्या चांगल्या मनाने म्हणाल्या. ज्याला ३७ आणि ४८ यांची बेरीज तोंडी येते, त्याला तशाच आणखी दहा बेरजा देणे म्हणजे लवकर काम उरकल्याची शिक्षा, आणि सात वर्षांचे मूल त्यातून सावकाश काम करण्याची युक्ती तेवढी शिकते.

त्याच कायद्याच्या २४ व्या कलमानुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. हे कलम मागे पडणाऱ्या मुलांसाठीच आहे असे सगळे धरून चालतात. कलमात तसे म्हटलेले नाही. मात्र पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही हाच कायदा सांगतो आणि बाईंच्या वर्गात ४२ मुले आहेत. त्यामुळे दुसऱ्या भेटीला मी कायदा घरी ठेवला आणि प्रश्नांच्या चार चिठ्ठ्या नेल्या.

त्यातली एक अशी: बेरीज ८५ येईल अशा दोन अंकी संख्यांच्या जोड्या किती? त्याने १० पासून ७५ पर्यंतच्या संख्या मोजल्या, ६६ लिहिले, थोडा वेळ पेन्सिल चावली आणि “दहा-पंच्याहत्तर आणि पंच्याहत्तर-दहा एकच की,” म्हणत ३३ केले. बाई ते वाकून पाहत होत्या.

नातेवाईकांचा सल्ला थांबण्याचा आहे. शिष्यवृत्तीची परीक्षा अजून लांब आहे, इथे पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची हुशार मुलांसाठीची प्रशालाही पाचवीपासूनच आहे, मग आतापासून घाई कशाला? पाचवीपर्यंत तीन वर्षे आहेत आणि तेवढ्यात गणित म्हणजे कंटाळा हे त्याच्या मनात पक्के बसेल, ही माझी भीती त्यांना अतिरेकी वाटते.

शेवटी ठरले ते असे, की पहिली तीन उदाहरणे बिनचूक आली तर उरलेली सोडून त्याने चिठ्ठी घ्यायची. बाईंची अट एकच होती, उत्तर कसे आले ते लिहायचे. ही अट त्याला मुळीच आवडलेली नाही.

परवा वही उघडली, तर ३३ च्या खाली त्याच लाल शाईत लिहिलेले होते, ‘आणि बेरीज ८६ असेल तर?’ त्याखाली त्याने ६७ लिहिले आहे, मग साडेतेहतीस, आणि ते खोडले आहे.