तारीख उलटलेलं दही, आणि सासूबाई

बुधवार, रात्री

आज फ्रीज पुसायला काढला तर मागच्या कोपऱ्यातून दह्याचा डबा निघाला, तारीख कधीच उलटून गेलेली. लेक लगेच, "ई आई, एक्स्पायर झालंय, टाक ते." आणि सासूबाई आतल्या खोलीतनं, "टाकतीस कशाला, कढी कर की!"

झाकण काढून बघितलं, वर पाणी सुटलेलं, वास आंबट पण स्वच्छ, बुरशी नाही, लालसर पिवळट काही नाही, मग केली कढी. दही म्हणजे मुळातच आंबवलेलं दूध, त्यात एवढं ॲसिड असतं की बाकीच्या जंतूंना तिथं सहजासहजी वाढता येत नाही, त्यामुळं फ्रीजमध्ये नीट ठेवलेलं दही आधी आंबट होतं आणि खराब बऱ्याच नंतर. आणि कढीला आंबटच पाहिजे, गोड दह्याची कढी म्हणजे नुसतं पिवळं पाणी. बेसन दह्यात आधीच घोटून घ्यायचं म्हणजे फाटत नाही, उकळी येईपर्यंत ढवळणं सोडायचं नाही, मीठ शेवटी, फारच आंबट असलं तर गुळाचा खडा. कढीत कडक भाकरी चुरली, बाजूला शेंगा चटणी, लेकीनं पण दोनदा वाढून घेतली, एक्स्पायरी वगैरे विसरून. बुरशीचा एक ठिपका जरी असता ना तर अख्खा डबा गेला असता, वरचं काढून खालचं वापरायचं हे मला पटत नाही, बुरशीचे धागे आत कुठवर गेलेत ते डोळ्यांना दिसतंय थोडीच.

पण सासूबाईंचा हाच हिशोब दुधाला लावायचा म्हटलं की आमचं वाजतं. त्यांच्या वेळी गवळ्याचं कच्चं दूध, ते उन्हानं नासलं तरी आंबट होऊन नासायचं, मग त्याचं काहीतरी करायचे. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड, म्हणजे साधारण ७२ डिग्रीला १५ सेकंद तापवलेलं, त्यात दूध आंबवणारे जिवाणू बहुतेक मरतात, आणि मग फ्रीजच्या गारव्यात जे हळूहळू वाढतात ते वेगळेच, ते दूध कडवट करतात, वास मारतो. अशा दुधाचं पनीर करून काय उपयोग, कडूच होणार. चहाला ठेवलेलं ताजं दूध फाटलं, वास चांगला आहे, तर गाळून घेते आणि ते पाणी कणकेत घालते, पोळ्या मऊ होतात. पण "उकळलं की सगळं मरतंय" हे काही खरं नाही ओ, काही जंतू वाढताना जे विष सोडतात ते उकळूनही जात नाही.

शिवाय ती तारीख थंड ठेवलेल्या, न फोडलेल्या पिशवीची. आपल्या सोलापुरात एप्रिल-मे म्हणजे ४२-४३ डिग्री, दुकानाबाहेर क्रेट उन्हात पडलेला, वर लाईट गेली की फ्रीज नुसतं कपाट, तिथं छापलेली तारीख काय कामाची, कधीकधी तर तारखेच्या आधीच संपलेलं असतं सगळं. मी दूध फ्रीजच्या दारात ठेवणं पण बंद केलंय, दार सारखं उघडतं, तिथं सगळ्यात कमी गार असतं.

गंमत म्हणजे सासूबाई साय साठवतात त्यावर कुठं तारीख असते? आठ-दहा दिवसांची साय, मग विरजण, लोणी, तूप, आणि तूप किती छान टिकतं कारण कढवताना पाणी उडून जातं. त्यात मला काही म्हणायचं नाही, फक्त साय फ्रीझरमध्ये ठेवा एवढंच सांगते, तेवढ्यावरूनसुद्धा आज दोन वाक्यं ऐकली.

पनीर पण निघालं होतं एक, हाताला चिकट लागत होतं. ते पेपरात गुंडाळून गुपचूप कचऱ्यात टाकलं, नाहीतर त्याची पण भाजी झाली असती.