झोपायचं, पण बसून

आमच्याकडे गाडी चालवणारे दोघंच, दादा आणि वहिनी. मला चालवता येत नाही, त्यामुळे लांबच्या प्रवासात झोपेचं खातं माझ्याकडे. कोणाला कुठे टेकवायचं, कोणाच्या मानेला काय द्यायचं, कोणाला किती वाजता हलवून उठवायचं, सगळं मी बघते. परवाचा प्रवास ६२० किलोमीटरचा होता. पहाटे चारला निघालो. दादा, वहिनी, आई, मी आणि आठ महिन्यांचा भाचा.

निघताना दादा म्हणाला, "पुढची सीट पूर्ण मागे पाड आणि झोप निवांत." मी नाही म्हटलं. तो प्रयोग करून झालाय.

काही वर्षांपूर्वी अशीच त्याच्या शेजारी जवळजवळ आडवी होऊन झोपले होते. पट्टा लावलेला, त्यामुळे मनात धाकधूक नव्हती. समोरचा ट्रक एकदम थांबला, दादाने करकचून ब्रेक दाबला आणि मी पट्ट्याखालून पुढे सरकले. कमरेचा पट्टा थेट पोटात रुतला, खांद्यावरचा गळ्याशी आला. टक्कर झालीच नाही, नुसता ब्रेक. तरी दोन दिवस हसताना पोट दुखत होतं.

नंतर त्यामागचं कारण समजलं. आज वापरतो तो तीन टोकांचा पट्टा नील्स बोहलिन या अभियंत्याने १९५९ मध्ये व्होल्वोसाठी तयार केला. धक्का शरीराच्या दणकट हाडांनी झेलावा, म्हणून खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर आणि वरचा खांद्यावरून छातीवर. सीट आडवी केली की वरचा पट्टा छातीपासून लांब हवेत लोंबत राहतो, माणूस खालून निसटतो आणि सगळा भार पोटावर येतो. तिथे हाडं नाहीत, आतडी आहेत. तेव्हापासून आमच्या गाडीत सीट कलते ती वरचा पट्टा छातीला चिकटून राहील इतपतच.

म्हणजे बसून झोपायचं, आणि बसून झोपायचं म्हटलं की पहिली तक्रार मानेची. झोप लागली की मानेचे स्नायू सैल पडतात आणि चार-पाच किलोचं डोकं वळणाच्या उलट बाजूला कलंडतं. गळ्यात घालायच्या त्या अर्धगोल उशा बहुतेक जण जाड बाजू मागे ठेवून घालतात. त्याने डोकं उलट पुढे ढकललं जातं. मी उशी फिरवून घालते, जाड बाजू हनुवटीखाली. ध्यान दिसतं, पण मान पडत नाही. आईला उशीने गुदमरल्यासारखं होतं. तिच्यासाठी जुन्या टॉवेलची घट्ट सुरळी करते आणि खिडकीच्या बाजूच्या खांद्यावर, मान आणि खांदा यांच्या बेचक्यात बसवते. डोकं काचेवर आपटत नाही, तेवढं पुरतं.

आईची दुसरी सवय जास्त वाईट. पट्टा मानेला घासतो म्हणून ती गुपचूप तो काखेखालून घेते. धक्का बसला तर तो खांद्याऐवजी बरगड्यांवर बसेल हे तीनदा सांगून झालं. शेवटी पट्ट्याला मानेपाशी पातळ सुती कापड गुंडाळून दिलं, मग ऐकलं. पांघरूण मात्र पट्ट्यावरून. पट्ट्याच्या आत जाड शाल किंवा जाकीट असलं की पट्टा घट्ट वाटतो, पण अंगाशी सैलच असतो.

वळणांचा रस्ता सुरू झाला तशी वहिनी गप्प झाली. तिला गाडी लागते, तीही फक्त मागे बसल्यावर. स्वतः चालवताना कधीच नाही. आतल्या कानाला वळणं कळतात, डोळ्यांना समोरची स्थिर सीट दिसते आणि दोघांचं जमत नाही, तिथून मळमळ सुरू होते. डोळे मिटले की भांडणातला एक पक्ष गप्प होतो. मी तिच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि डोळ्यांवर रुमाल टाकला. दहा मिनिटांत झोपली.

दोनशे किलोमीटरच्या आसपास भाचा रडायला लागला. वहिनी दचकून जागी झाली आणि हात सरळ त्याच्या पट्ट्याच्या बकलवर. चालत्या गाडीत मांडीवर घ्यायचं नाही हे तिलाही माहीत आहे, पण रडणं ऐकलं की हात आधी जातो. मी दादाला रस्ता सोडून सुरक्षित जागी थांबायला लावलं. भाच्याची सीट मागे तोंड करून आणि बरीच कललेली असते, कारण इतक्या लहान बाळाची मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाट दबते. म्हणून रडो न रडो, दर दोन तासांनी त्याला बाहेर काढून आडवं करतो. पोहोचल्यावर झोपलेला असला तरी सीटमध्ये तसाच राहू देत नाही. उठतो, भोकाड पसरतो, पसरू दे.

एरवी पुढच्या सीटवर मी, आणि तिथे झोप बंद. शेजारचा घोरायला लागला की चालवणाऱ्याचेही डोळे जड होतात. ताशी १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, चार सेकंदांच्या डुलकीत शंभर मीटरच्या पुढे. दादाने लागोपाठ दोन जांभया दिल्या तेव्हा पाहिलं, एसी आतलीच हवा फिरवत होता. पाच जणांनी सोडलेली हवा तासभर तीच. बटण दाबून बाहेरची हवा चालू केली आणि पुढच्या थांब्यावर गाडी वहिनीकडे दिली. तिला वीस मिनिटं आधीच उठवलं होतं. झोपेतून उठवून लगेच स्टिअरिंग हातात द्यायचं नाही, डोकं जागं व्हायला वेळ लागतो.

दादा मागे न जाता माझ्या जागी बसला आणि डॅशबोर्डवर पाय टाकून डोळे मिटू लागला. एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते, तेव्हा तुझे गुडघे कुठे जातील, एवढंच विचारलं. निमूट मागे गेला.

पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. आई उतरली, पाय झटकले आणि म्हणाली, "तुम्ही सगळे झोपलात, माझा काही डोळा लागला नाही बाई." तिच्या डाव्या गालावर टॉवेलच्या विणीचा चौकडीचौकडीचा ठसा उमटला होता.