हिरोईन गरीब दिसतेय

ऐतिहासिक मालिकेच्या कपडेपटात काम करणाऱ्याला प्रेमकथेत फारसा रस नसतो. कोण कोणाच्या प्रेमात पडलं यापेक्षा कोण कोणाचं जुनेर नेसलंय, हा आमचा प्रश्न. वाईच्या बाजूला एका वाड्यात शूटिंग चालू असताना हाच प्रश्न भर माजघरात उभा राहिला. त्याचं पुढे जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही.

गोष्ट नेहमीचीच. उत्तर पेशवाईतलं पुणं, सरदाराचा मुलगा आणि वाड्यातली बटीक. त्या काळी बटकी, कुणबिणी विकल्या-घेतल्या जात; दप्तरांत तशा नोंदी आहेत. म्हणजे ही नायिका नुसती गरीब नाही, तिच्या अंगावरचं कापडसुद्धा तिचं नाही. मालकिणीने टाकलेलं ती नेसणार. संहितेत यावर एक ओळ नव्हती. लेखकांना अबदागीर आणि पालखी कोणाच्याही मागे लावायची हौस असते (हे मान सरकारातून मिळावे लागत, ही गोष्ट कोणी विचारातच घेत नाही), पण लुगड्याकडे कोणाचं लक्ष नसतं. चॅनेलकडून संदर्भ म्हणून जी चित्रं येतात ती बहुतेक राजा रविवर्म्याची. पेशवाई बुडाली १८१८ला, रविवर्मा जन्मला १८४८ला. सांगून उपयोग नसतो.

तर आम्ही एकाच लॉटमधली रुईफुली काठाची दोन सुती लुगडी घेतली. एक पहिल्या काही भागांत आईसाहेबांच्या अंगावर, कोरं, कडक खळीचं. दुसरं नायिकेसाठी जुनं करायला.

कापड घेताना एक दोरा ओढून काडीने जाळून बघायचा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात विरघळते. पॉलिस्टर असेल तर टोकाला टणक मणी धरतो. तसलं कापड कितीही घासा, जुनं होत नाही, त्यावर गोळे येतात. पसंत पडलं की आधी खळ काढायची: कढत पाणी, मूठभर धुण्याचा सोडा, रात्रभर भिजत. खळ राहिली तर पुढचा रंग डाग-डाग बसतो. मग चहा. दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम पावडर, वीस मिनिटं खळखळून उकळायचं आणि फडक्यातून गाळायचं. गाळायचा आळस केला की पावडरीचे ठिपके उमटतात; ते मळासारखे दिसत नाहीत, अंगावर काही उठल्यासारखे दिसतात. लुगडं त्यात अर्धा तास. बाहेर काढलं की रंग गडद वाटतो, घाबरायचं नाही, वाळल्यावर दोन छटा उतरतो. पिळून, पीळ न सोडता तसंच वाळू द्यायचं, म्हणजे सुरकुत्यांत रंग जास्त साचतो.

त्यानंतर १२० नंबरचा पॉलिश पेपर. इथे बहुतेक जण माती खातात, कारण सगळीकडे सारखं घासतात. तसं घासलेलं कापड खराब दिसतं, जुनं दिसत नाही. उकिडवं बसून भांडी घासणाऱ्या बाईचं लुगडं गुडघ्यांवर, बैठकीवर आणि कासोट्याच्या काठावर विरतं. पाणी भरणारीचं कमरेवर, घागर टेकते त्या जागी. आमची बटीक दोन्ही करते, तेव्हा दोन्हीकडे.

आणि शेवटी दांड. लुगडं मधे विरलं की तेवढं फाडून काढायचं आणि उरलेले दोन धड तुकडे आडवे जोडायचे, ही घरोघरची जुनी रीत. आम्ही दीड हात काढला. जोड हाताने, आधी धावदोरा, मग कडा आत दुमडून हेम. मशीनची टीप चालायची नाही, तो काळच मशीनचा नव्हे. काठाची फुलं मुद्दाम बोटभर चुकवली. ज्या बाईने हे घरी केलं असेल तिने फुलाला फूल जुळवायला कापड वाया घालवलं नसतं.

नऊवारीचं झालं सव्वाआठवारी, आणि त्याने मुलीचं चालणंच बदललं. निऱ्या कमी, कासोटा आवळलेला, पदर आखूड. वडीलधाऱ्यांसमोर डोक्यावर घेतला की घसरतो, म्हणून एक हात सतत पदरावर आणि कामाला एकच हात मोकळा. दिग्दर्शकाला यातलं काही सांगावं लागलं नाही. दांड छातीवरून खांद्याकडे जाताना दिसावा म्हणून नेसवण्याची सुरुवात कुठून करायची, याची कच्च्या टाक्याने खूण करून ठेवली होती.

त्या दिवशी माजघरातला सीन. सकाळ नेहमीसारखी गेली: दासी म्हणून आलेल्या ज्युनिअर मुली सप्लायरच्या शिवलेल्या नऊवारीत, प्रत्येकीच्या निऱ्या इस्त्रीने चिकटवल्यासारख्या, एकीच्या खांद्यावर सेफ्टी पिन उघडी. सेफ्टी पिनचा शोध १८४९चा. त्यांना मागच्या रांगेत, खांबाआड उभं केलं. मेकअपदादांनी नायिकेच्या हातावर गोंदण काढलं, टाचांना भेगा केल्या. नखांवरचं जेल पॉलिश मात्र निघेना, मग नखांना हळद-राख चोळली.

आईसाहेब मुलीला समोर बोलावून सुनावतात, एवढाच प्रसंग. आईसाहेबांचं काम करणाऱ्या ताई रंगभूमीवरच्या. संवाद संपला, कट यायचा होता, पण ताई थांबल्या नाहीत. त्यांनी मुलीचा पदर चिमटीत धरला. काठ ओळखला. मग दांडाच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, पदर सोडला आणि बोटं स्वतःच्या लुगड्याला पुसली. फोकस पुलर तरणाबांड पोरगा, पण त्याने अंगठ्याबरोबर फोकस बरोब्बर ओढला. मुलाला आणि मुलीला कशाने वेगळं केलंय हे सांगायला संहितेने पानंच्या पानं खर्च केली होती. ते सगळं त्या पुसलेल्या बोटांत आलं.

तेवढ्यात मॉनिटरमागून चॅनेलच्या क्रिएटिव्ह मॅडम आल्या. ‘दादा, हिरोईन गरीब दिसतेय.’

मी म्हटलं, ‘मॅडम, ती बटीकच आहे.’

‘हो, पण फ्रेश गरीब पाहिजे.’

दिग्दर्शक मोबाईलमध्ये बघत होता. अशा वेळी दिग्दर्शकांना नेहमी महत्त्वाचा मेसेज येतो.

ट्रंकेतून नवं लुगडं काढलं, पांढरं, बारीक लाल काठाचं. हाताने नेसवायला वीसेक मिनिटं लागतातच, त्यात हे पूर्ण लांबीचं, म्हणजे पदर पाठीवर छान रुळला आणि मुलीचे दोन्ही हात मोकळे. आता तिला त्यांचं काय करायचं कळेना. त्यातून कोरं पांढरं कॅमेऱ्यावर जळतं, म्हणजे नुसता लख्ख पांढरा डाग दिसतो. कपडेपटात पांढरं सगळं चहातून काढतात ते गरिबी दाखवायला नव्हे, याच्यासाठी. हे तसं काढलेलं नव्हतं, कारण ते पुढे पूजेच्या सीनला लांबून दिसायचं होतं. कॅमेरामनने लाईट उतरवला तर मुलीचा चेहरा काळवंडला. मग चेहऱ्यावर उजेड परतवायला थर्माकोल लावला, मागे अंधार वाटतो म्हणून आणखी एक लाईट, आणि पेशवाईतलं माजघर मंगल कार्यालयासारखं लखलखायला लागलं.

ताईंनी पुन्हा संवाद म्हटले, चोख म्हटले. शेवटी हात पुढे गेला आणि थांबला. ‘आता काय धरू? हे तिचंच दिसतंय,’ त्या म्हणाल्या. कोणी उत्तर दिलं नाही. मॅडमना टेक आवडला.

भाग दिसला तेव्हा एडिटरने जुन्या टेकमधले दोन लांबचे शॉट वापरले होते, बाकी सगळे नवे. म्हणजे एकाच संभाषणात मुलगी चहाच्या रंगाच्या जुनेरातून पांढऱ्या कोऱ्यात जाते, परत येते, परत जाते. अंगठ्याचा शॉट नाही. अर्ध्या तासात लोकांनी साड्यांचा घोळ पकडला आणि कपडेपटाची यथेच्छ धुलाई केली. चूक पकडण्यात आपला प्रेक्षक पटाईत आहे. कुणबिणीच्या अंगावर कोरं कापड कुठून आलं, हे मात्र एकानेही विचारलं नाही. कदाचित मॅडमना प्रेक्षक माझ्यापेक्षा जास्त कळतो. यावर माझं मत दर आठवड्याला बदलतं.

सध्या ते दांडाचं लुगडं गोदामात ‘फाटके’ लिहिलेल्या ट्रंकेत आहे. पुढचा ट्रॅक ठरलाय: नायिका मुळात एका मोठ्या सरदाराचीच लहानपणी हरवलेली लेक निघणार, म्हणजे लग्नाला कोणाचीच हरकत उरणार नाही. पैठणीसाठी येवल्याला फोन करायला सांगितलंय. दोन हव्यात, एक डुप्लिकेट.